तोंडवळा आणि भाऊबंदकी

जपानी आणि ख्मेर या दोन भाषांची तुलना करायला पुणे जिल्ह्यातला मुळशी तालुका ही काही जगातली पहिली जागा नव्हे, हे मला मान्य आहे. ख्मेर ही कंबोडियाची भाषा, एवढं जरी आमच्या शाखेत विचारलं, तरी दहातले आठ जण छताकडे बघतील आणि उरलेले दोघं म्हणतील, "तीन नंबरच्या खिडकीवर चौकशी करा." पण म्हणून मुळशीला कमी लेखू नका. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. तिथल्या कंपन्यांना जपानी जाणणारी माणसं लागतात, म्हणून ज्या पोरांच्या आजोबांनी जन्मभर भाताची रोपं लावली ती पोरं आता चित्रलिपीची एकेक काडी मोजत बसतात. तिकडे पौडच्या बाजूला खुबवलीच्या डोंगरावर १९९७ साली महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं, तिथे देशोदेशीची मुलं राहतात. तेव्हा परभाषा कानावर पडायला मुळशीकराला आता पासपोर्ट लागत नाही.

राहता राहिला प्रश्न असा की, बी.कॉम. झालेल्या माणसाने भाषाशास्त्रात नाक खुपसावं का? माझं म्हणणं असं की, दोन भाषांची तुलना म्हणजे शेवटी दोन खातेवह्या शेजारी ठेवून बरोबरच्या खुणा करणं. रक्कम सारखी दिसली म्हणून व्यवहार एकच असतो असं नाही, आणि व्यवहार एकच असला तरी एका वहीत तो जमेला आणि दुसरीत नावे पडलेला असतो. हे ज्याला कळलं त्याला भाषाशास्त्र निम्मं कळलं. उरलेलं निम्मं कळायला फ्रेंच यावी लागते, आणि ती मला येत नाही.

'मी बँकेत जातो' हे वाक्य घेऊ. (हे वाक्य मी रोज सकाळी घरातून निघताना बोलतो. ते ऐकून आजवर कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलेलं नाही.) जपानी माणूस म्हणेल, 'वाताशी वा गिंको नी इकिमास.' वाताशी म्हणजे मी. 'वा' हा 'मी तर' मधल्या 'तर'चा मावसभाऊ. गिंको म्हणजे बँक, 'नी' म्हणजे आपला मागून चिकटणारा 'ला' किंवा 'त', आणि इकिमास म्हणजे जातो. मी, बँकेत, जातो. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, हिशेब पैशापर्यंत जुळतो. इंग्रज आधी जाऊन मोकळा होतो आणि कुठे ते मागाहून सांगतो. जपानी माणूस आपल्यासारखाच सगळा सामान गोळा करतो आणि क्रियापदाला शेवटी, गाडी सुटता सुटता, आत घेतो.

आता कंबोडियात चला. तिथे म्हणतात, 'ख्न्योम तउ थोनिआकिआ.' मी, जातो, बँक. प्रत्यय नाही, विभक्ती नाही, लिंग नाही, वचन नाही. क्रियापद जन्मात रूप बदलत नाही. काल गेलो तरी 'तउ', उद्या जाणार तरी 'तउ'. वेळ सांगायची तर वेगळा शब्द शेजारी ठेवायचा. मराठी व्याकरणाच्या पेपरात ज्यांचे हाल झाले त्यांनी कंबोडियातच जन्म घ्यायला हवा होता.

इथपर्यंत जपानी भाषा आपली सख्खी आणि ख्मेर परकी, असा निकाल लागलेला दिसतो. पण सही करण्याआधी कागद पुन्हा एकदा वाचावा, ही आमची सवय. ख्मेर वाक्यातला तो शेवटचा शब्द ख्मेर लिपीत कसा लिहितात ते बघा. ध, ना, गा, र. धनागार! उच्चार करताना बिचाऱ्याचं थोनिआकिआ होतं, शेवटचा 'र' तर तोंडातच विरघळतो. पण कागदावर तो अक्षरशः धनागार आहे. आणि जपानी 'गिंको'? ती 'चांदी' आणि 'पेढी' अशा अर्थाच्या दोन चिनी अक्षरांची जोडी. त्यात आपला छदामही नाही.

म्हणजे गंमत अशी : जपानीत शब्द सगळे परके, पण वाक्याची बांधणी आपली. ख्मेरमध्ये शब्द ओळखीचे, पण बांधणी उलटी. एकीशी आपला नुसता तोंडवळा जुळतो, दुसरीशी भाऊबंदकी आहे. रक्ताचं नातं मात्र दोघींशीही नाही. आपण इंडो-आर्यन, ख्मेर ऑस्ट्रोआशियाई (त्या घराण्यातले तिचे भारतातले नातेवाईक म्हणजे मुंडारी, संथाळी, खासी, आणि आपल्या मेळघाटातली कोरकू), आणि जपानी जवळपास एकलकोंडी.

आधी तोंडवळ्याचं बघू. 'खाऊन बघ' हे साधं मराठी वाक्य. इंग्रजाला हे शब्दशः सांगा, तो आधी खाईल आणि मग इकडेतिकडे बघत बसेल. जपानीत 'ताबेते मिरू' : ताबेते म्हणजे खाऊन, मिरू म्हणजे बघणे. अर्थ तोच, चव घेऊन पाहणे. 'घेऊन ठेव' याला 'कात्ते ओकु'. कात्ते म्हणजे विकत घेऊन, ओकु म्हणजे ठेवणे. 'खाऊन टाकलं' मधल्या 'टाकलं'चं काम तिकडे 'शिमाउ' करतो. आपण वाक्याच्या शेवटी 'ना' लावतो, 'उकडतंय ना!', ते 'ने' लावतात. आपले ढग गडगडतात, त्यांचे 'गोरोगोरो' करतात. आपल्याकडे चांदण्या लुकलुकतात, तिकडे 'किराकिरा'. परभाषा फाडफाड बोलणारा तिकडे 'पेरापेरा' बोलतो. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची एवढी गर्दी का होते, याचं एक कारण पगार आहे हे मी नाकारत नाही. पण दुसरं कारण हे की, मराठी माणसाला जपानी वाक्य उलटं करून घ्यावं लागत नाही. मराठीत विचार करायचा आणि भाग बदलत जायचे. स्कूटर तीच, फक्त सगळे सुटे भाग जपानी.

हा योगायोग नुसता आमच्यासारख्यांच्या नजरेचा नव्हे. कॉलिन मसिका नावाच्या अमेरिकन पंडिताने १९७६ साली एक ग्रंथ काढला. क्रियापद शेवटी येणं, 'करून', 'जाऊन' अशी रूपं, 'खाऊन टाकणे' सारखी जोडक्रियापदं, 'मला आवडतं' अशी रचना, असे एकेक गुण घेऊन त्याने ते नकाशावर मांडले. त्यात दिसलं असं की, भारतात पक्के बसलेले यातले बरेच गुण मध्य आशियातून पार कोरिया-जपानपर्यंत भेटत जातात, आणि आग्नेय आशियाकडे वळलं की एकदम थांबतात. कंबोडिया बरोबर त्या थांब्याच्या पलीकडे. व्याकरण डोंगर ओलांडून गेलं आणि शब्द गलबतातून गेले, असं म्हणायचा मोह होतो. पण हे वाक्य जितकं छान वाटतं तितकं खरं नसावं, म्हणून ते इथेच सोडतो.

शब्द गलबतातून गेले एवढं मात्र पक्कं. ख्मेर भाषेतला तारीख असलेला सगळ्यात जुना शिलालेख अंगकोर बोरेईचा, शके ५३३ चा, म्हणजे इ.स. ६११ चा. लिपी दक्षिणेतल्या पल्लवांच्या वळणाची. आणि कालगणना कोणती? शक! पैठणच्या शालिवाहनाच्या नावाने जे शक आपण पंचांगात लावतो, तेच मेकाँग नदीच्या काठी दगडावर कोरलेलं. तिथेच सांबोर इथे दुसरा एक शिलालेख सापडला, त्यात शके ६०५, वद्य पंचमी अशी नोंद आहे. (इ.स. ६८३. तिथी लिहिली आहे म्हणजे लिहिणारा कारकून पक्का होता.) त्या ६०५ मधलं शून्य एका ठिपक्याने दाखवलंय. शून्याच्या चिन्हाचा हा जगातल्या सर्वांत जुन्या निश्चित पुराव्यांपैकी एक. जॉर्ज सेदेस या फ्रेंच विद्वानाने १९३१ साली त्याचं महत्त्व जगापुढे मांडलं. पुढे १९७० च्या दशकातल्या धामधुमीत तो दगडच बेपत्ता झाला, आणि २०१३ साली अमीर अक्झेल या गणिताच्या लेखकाला सिएम रीपच्या एका गोदामात तो पुन्हा सापडला. शून्य हरवलं तर केवढा गोंधळ होतो ते आम्हाला विचारा. आमच्याकडे एकदा एक शून्य हरवलं तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत कोणी घरी गेलं नव्हतं.

बाकी भाऊबंदकी किती सांगू? भाषेला 'फिआसा', अक्षराला 'आक्सॉ', शिक्षकाला 'क्रू', म्हणजे आपला गुरूच. 'अंगकोर' म्हणजे नगर. इस्पितळ म्हणजे 'मोंती पेत', लिहिताना मंदीर-वैद्य. मोटारीला 'रथयंत्र' लिहितात. पंतप्रधानाच्या पदात नायक, राष्ट्र आणि मंत्री असे तिघे एका खुर्चीवर बसलेले. मंगळवारला 'अंगकिआ', म्हणजे अंगार. आपल्याकडे मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी, तो हाच अंगारक. आता जपानीकडे वळून बघा, तिथे मंगळवार 'कायोबी', म्हणजे अग्नीच्या ग्रहाचा वार. हे वारांचं प्रकरण कूकाई नावाच्या भिक्षूने ८०६ साली चीनहून आणलेल्या पोथ्यांतून तिथे पोचलं, आणि त्या पोथीचं मूळ भारतीय ज्योतिषात. म्हणजे सिद्धिविनायकाला अंगारकीच्या रांगेत उभा असलेला माणूस, नोम पेन्हमधला आणि टोकियोतला, तिघेही त्या दिवशी एकाच विस्तवाचं नाव घेतात.

ख्मेर लोकांनी नवे शब्दही याच भांडारातून घडवले. चुओन नात या महास्थविराने १९३८ साली मोठा शब्दकोश काढायला सुरुवात केली आणि पाली-संस्कृतावरून शब्द बनवण्याची रीत घालून दिली. चेकला ख्मेरमध्ये लिहितात 'मूलप्रदानपत्र' या थाटाचा शब्द. हसू नका. आपणही 'धनादेश' केलाच की! फरक एवढाच की, माझ्या काउंटरवर आजपर्यंत एकाही माणसाने धनादेश आणलेला नाही, सगळे चेकच आणतात. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला तेव्हा फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याला मुख्य प्रधान म्हटलं, पण शंभर वर्षांनी सगळा महाराष्ट्र पुन्हा पेशवेच म्हणत होता. सावरकरांनी तारखेचा 'दिनांक' केला, तो मात्र आमच्या प्रत्येक स्लिपवर ठाण मांडून बसलाय. कुठला शब्द वटेल आणि कुठला परत येईल, हे सही बघून सांगता येत नाही. कंबोडियातही १९६० च्या दशकात केंग वान्साक आणि मंडळींनी चुओन नात यांच्या विरुद्ध आघाडी उघडली की, हे पाली-संस्कृत पुरे, साधी ख्मेर लिहा. वाद वाचताना तळटीपा झाकल्या तर तो सदाशिव पेठेतला वाटतो.

मग जपानने आपल्याकडून काहीच नेलं नाही का? नेलं, आणि ते फार हुशारीने. ख्मेरांनी कपाट, भांडी, अंथरूण सगळं उचललं. जपान्यांनी फक्त सामान लावायची रीत नेली. जपानी वर्णमाला म्हणा : आ, ई, ऊ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली क, च, ट, त, प, य, र, ल, व ही चाळ इथे ओळखू येते की नाही? 'च'च्या खोलीत 'सा' राहतो, कारण जुन्या काळी त्याचा उच्चार च-त्सच्या जवळचा होता. 'प'च्या खोलीत 'हा' राहतो, कारण तो मुळात 'पा' होता. निहोन आणि निप्पोन ही एकाच देशाची दोन नावं त्याची साक्ष. संस्कृत मंत्रांचे उच्चार बिघडू नयेत म्हणून बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपी घोटत बसले, त्यातून ही मांडणी निघाली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीची तिची नोंद मिळते. पुढे कित्येक शतकं कोशवाले दुसराच एक क्रम वापरत होते. १८८९ ते १८९१ मध्ये ओत्सुकींचा 'गेन्काई' हा कोश या क्रमाने निघाला, आणि मग तोच रूढ झाला. आज टोकियोतल्या कारकुनाने खातेदारांची नावं अकारविल्हे लावली की ती आपल्या बाराखडीच्या चालीनेच लागतात.

चार-दोन शब्दही धर्माच्या वाटेने गेले. नाट्यगृहातल्या रंगमंचाखालच्या तळघराला जपानी 'नाराकु' म्हणतात, तो नरक. जपानी बायको नवऱ्याचा उल्लेख 'दान्ना' असा करते, तो आपल्या 'दान'मधून आलेला. मूळ अर्थ देणारा, दाता. पंचवीस तारखेनंतर तो शब्द काय तोंडाने वापरत असतील कोण जाणे. गणपतीसुद्धा तिकडे पोचलाय, 'शोतेन' या नावाने. टोकियोच्या आसाकुसा भागातल्या त्याच्या देवळात नैवेद्य म्हणून काय वाहतात? मुळा! मुळा नदीच्या खोऱ्यातला माणूस म्हणून मला हे वाचून जरा बरं वाटलं, पण मोदकाची आठवण काढून गणपतीबद्दल वाईटही वाटलं.

इतका वेळ मी मुद्दाम एक गोष्ट बाजूला ठेवली. जपानी आणि ख्मेर, दोघी एकमेकींच्या कोणी लागत नसल्या तरी एका बाबतीत जुळ्या बहिणी शोभतील. ती बाब म्हणजे अदब. जपानी पुरुष स्वतःला 'बोकु' म्हणतो, त्या चिनी अक्षराचा मूळ अर्थ सेवक. ख्मेर माणूस स्वतःला 'ख्न्योम' म्हणतो, त्याचाही मूळ अर्थ दास. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता 'मी' या शब्दाला नोकरीला लावलं. आपणही काही मागे नाही. कर्ज नामंजूर केल्याच्या पत्राखालीसुद्धा आम्ही 'आपला विश्वासू' असंच लिहितो.

आणि खाणं! जपानीत आपण खातो ते 'ताबेरू', घाईने ओरपतो ते 'कुउ', पाहुणे जेवतात ते 'मेशिआगारू' आणि त्यांच्यासमोर आपण नम्रपणे घेतो ते 'इतादाकु'. ख्मेरमध्ये तर याहून मोठा थाट. घरात 'न्याम', खेड्यात साधेपणाने 'होप', मोठ्यांना 'पिसा', भिक्षूंना 'छान', राजाला 'साओय' आणि जनावराला 'सी'. राग आला की माणसालाही 'सी' म्हणतात. मराठीतही 'भोजन करावं' पासून 'गिळ एकदाचं' पर्यंतचा जिना आहेच, आणि घरातला पुरुष कोणत्या वेळी कोणत्या पायरीवर उभा आहे हे त्याला स्वयंपाकघरातून येणाऱ्या क्रियापदावरून कळतं.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज नोम पेन्हमध्ये शिरले. त्यांनी शहर रिकामं केलं, चलन रद्द केलं आणि राष्ट्रीय बँकेची इमारत स्फोटकांनी उडवली. मी बँकेवर पुष्कळ विनोद केलेत, पण या वाक्यावर मला विनोद सुचत नाही. त्याच हुकुमांत भाषेचाही एक हुकूम होता. काका, मामी, दादा, ताई अशी नात्याने हाक मारायची ख्मेर पद्धत आहे, अगदी आपल्यासारखी. ती बंद झाली. आईबापांसकट सगळ्यांना एकच शब्द : 'मित्'. म्हणजे आपला मित्र. आणि जेवणाचे ते पाच-सहा शब्द जाऊन सगळ्यांसाठी एकच 'होप'. आजीला 'पिसा' म्हणणं जुन्या वळणाची खूण ठरू लागलं, आणि त्या दिवसांत खूण पटणं म्हणजे काय ते सांगायला नको. जानेवारी १९७९ मध्ये ते राज्य पडेपर्यंत अंदाजे १५ ते २० लाख माणसं गेली, कितीतरी उपासमारीने. खाण्याचा शब्द एक केला आणि खायला काही ठेवलं नाही. १९८० साली रिएल हे चलन परत आलं. 'पिसा'ही आला, 'न्याम'ही आला. त्यांच्यासाठी कुठल्या बँकेला परिपत्रक काढावं लागलं नाही.

जेवणावरून भातावर येतो, कारण मुळशीकराला तिथे आल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. इंग्रजीत शेतात राईस, पोत्यात राईस, ताटात राईस. जपानीत शेतातलं पीक 'इने', साळीसकट दाणा 'मोमी', सडलेला 'कोमे' आणि शिजलेला 'गोहान'. गोहान म्हणजेच जेवण. न्याहारीला 'सकाळचा गोहान' म्हणतात. ख्मेरमध्ये साळ 'स्रोव', तांदूळ 'अंगकॉ', शिजलेला 'बाय'. आणि आपण? शेतात भात, पोत्यात तांदूळ, ताटात पुन्हा भात. मधल्या वाटेवर तूस, कोंडा, कणी हे सगे-सोयरे. जपानीत हॉटेलात ताटलीत वाढलेल्या भाताला मात्र 'राईसु' म्हणतात, आपल्या 'राईस प्लेट'ची आठवण यावी इतकं हुबेहूब.

पण ताटातल्या शब्दांची मला काळजी नाही, ते हॉटेलवाले सांभाळतील. शेतातले शब्द बघा. राब भाजणं, तरवा टाकणं, चिखलणी, आवणी, खाचर, इरलं. मुळशी धरणाखाली खाचरं गेली, त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथले मावळे सत्याग्रहाला बसले. पाण्याबाहेर जी खाचरं उरली त्यांतल्या बऱ्याच जागी आता कुंपणं आहेत. कर्जाच्या अर्जात 'पीक : आंबेमोहोर' असं लिहिणारे हात कमी झाले, 'गुंठे' लिहिणारे वाढले. परवा एका उमेदवार पोराला 'आवणी' म्हणजे काय विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. जपानीत काय म्हणतात ते ठाऊक होतं : 'ताउए'. त्याच्या परीक्षेच्या पुस्तकात होतं.

कंबोडियात दोन माणसं वाटेत भेटली की विचारतात, 'न्याम बाय हाउय रू नउ?' भात खाल्ला की अजून नाही? शब्दशः हेच विचारत आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून ओट्यावर बसलेल्या असतात, 'जेवलास का रं?' म्हणून. समोर कोणी वडीलधारं आलं की तिकडे 'न्याम' जाऊन 'पिसा' येतो, आणि इकडे 'जेवलास का रं' जाऊन 'जेवलात का?' येतं.